फिरायचे नाही, थांबायचे पैसे मिळतात – लोकेशनवरच्या फोटोग्राफीतला आनंद

घाटमाथा:

कॅमेरा कोणता घ्यावा, कुठली लेन्स वाघाला पुरते आणि कुठली लग्नाला, यावर इथे भरपूर चर्चा होते. मीही त्यातून खूप शिकलोय. पण या कामात आनंद नेमका कशाचा, हे कुणी मोकळेपणाने लिहिलेलं दिसत नाही. म्हणून हा धागा.

मी साताऱ्याचा. फोटोग्राफीवरच घर चालतं. मासिकांची कामं, पर्यटनवाल्यांची कामं, मधूनच पवनचक्की नाहीतर धरण, आणि लग्नसराईत लग्नं. नातेवाइकांत कुठेही गेलो की एक वाक्य ठरलेलं, "तुझं बरंय बाबा, फिरायचे पैसे मिळतात." माझं म्हणणं वेगळं आहे. फिरायचे पैसे कुणी देत नाही. थांबायचे देतात. आणि या धंद्यातलं सगळं सुख त्या थांबण्यात आहे.

कासचंच घ्या. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेली, त्यात कास आहे. तेव्हापासून सप्टेंबर उजाडला की सगळी गर्दी तिकडे. आलेला माणूस दोन-तीन तासांत त्या दिवशी जे फुललं असेल ते टिपतो आणि जातो. त्यात गैर काही नाही. पण एका मासिकाने मला अख्ख्या हंगामाचं काम दिलं तेव्हा मला पठार कळलं. तिथे जांभा दगड आणि त्यावर जेमतेम मातीचा थर. त्या एवढ्याशा मातीत गेंदाची पांढरी बोंडं येतात, तेरड्याने उतार गुलाबी होतो, मग सोनकीचा पिवळा चढतो. आज काढलेली फ्रेम पुढच्या आठवड्यात त्याच जागी उभं राहून काढता येत नाही, कारण रंगच बदललेला असतो.

सीतेची आसवं हे फूल तुम्ही पाहिलं असेल. निळं-जांभळं, नखाएवढं, मध्ये दोन पांढरे ठिपके. पायवाटेच्या कडेला पोटावर पालथं पडून मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, लावली की कळतं की त्या देठावर, पाकळीवर दवाचे थेंब आहेत आणि प्रत्येक थेंबात पठार उलटं दिसतंय. या झाडाला जमिनीखाली बारीक पिशव्या असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. एवढं नाजूक दिसणारं झाड कीटकभक्षी आहे. हे मला वनसमितीच्या एका मावशींनी सांगितलं. त्यांना माझं रोजचं येणं माहीत झालं होतं म्हणून सांगितलं. धुकं आलं की छत्री उघडून बसायचं, गेलं की पुन्हा पालथं पडायचं. हौशी माणसाला एवढा वेळ काढता येत नाही हो. घरचे गाडीत ताटकळत असतात.

दुसरं सांगायचं तर वारी. वारीचे फोटो म्हटलं की सगळ्यांना रिंगण आठवतं, दिवे घाट आठवतो. मला सगळ्यात जास्त काही मिळालं असेल तर ते समाजआरतीला. माउलींची पालखी संध्याकाळी तळावर येते. दिंड्या गोल करून उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मग चोपदार दंड उंच करतात आणि सगळं एका क्षणात थांबतं. पूर्ण थांबतं. अशा वेळी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर समजायचं की त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तोडगा निघाला की तेही टाळ बंद. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा, दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ, आणि आरती.

आता हे फोटोत आणायचं कसं? थांबलेला आवाज दिसत नाही. मी पहिल्यांदा दंडाचे फोटो काढत बसलो होतो, सगळेच काढतात. नंतर लक्षात आलं की हात बघायचे. टाळ वाजवता वाजवता अधांतरी राहिलेले हात, दोरी बोटांत गुंडाळलेली, दोन टाळांत दोन बोटांचं अंतर. तेवढ्यासाठी गर्दीत खाली बसायचं, ५० एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, लावायची आणि दंडाकडे पाठ करायची. हे सुचायला मला तळावर अनेक संध्याकाळी काढाव्या लागल्या, आणि त्या काढता आल्या कारण तेच माझं काम होतं.

तर मंडळी, तुमचा आनंद कशात आहे? लोकेशन हिमालयच पाहिजे असं नाही. कुठलंही चालेल. लिहा.

रविवारचा_कॅमेरेवाला:

काय सुंदर लिहिलंय दादा! टाळांचं वाचून अंगावर काटा आला.

मी नागपूरचा, आयटीत नोकरी. शनिवार-रविवार कॅमेरा. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं मनात आहे, पण सगळे एकच सांगतात, हौशीचं पोटापाण्याचं साधन केलं की हौस मरते. हे खरं आहे का? जाणकारांनी कृपया प्रामाणिकपणे सांगावं. घरी अजून बोललो नाही.

ओतकाम:

तुम्ही कुठलंही लोकेशन चालेल म्हणालात म्हणून लिहितोय. माझं लोकेशन म्हणजे फाउंड्री.

कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत ओतकामाचे किती कारखाने आहेत हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. गाड्यांची इंजिनं, पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे भाग, सगळं इथल्या वाळूच्या साच्यांतून बाहेर पडतं. या कारखान्यांना कॅटलॉगसाठी, परदेशी गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी फोटो लागतात. ते मी काढतो. वाघ नाही, बर्फ नाही, पण मी तुम्हाला सांगतो, भट्टी वाकवून लॅडलमध्ये, म्हणजे धातू न्यायच्या भांड्यात, धातू ओततात तो क्षण ज्याने जवळून बघितलाय त्याला दुसऱ्या कुठल्या थराराची गरज नाही. साधारण १४०० अंशांचं लोखंड. गुऱ्हाळात काहिलीतला पाक जसा जड, चकचकीत, घाई न करता खाली येतो ना, अगदी तसं ते येतं, फक्त डोळ्यांना सहन होत नाही इतकं पांढरं. लॅडल साच्यावर आलं की ओतणारा माणूस चाक फिरवतो, धार साच्याच्या तोंडात बरोबर पडते आणि ठिणग्या उडतात.

तांत्रिक बाजू अशी की बाकी शेड अंधारी आणि मध्ये हा जाळ. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर एक तर धातू पांढराफटक नाहीतर माणूस काळाठिक्कर. मी मॅन्युअलवर ठेवतो, धातूचा रंग राहील इतकं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी करतो, आणि ओतणाऱ्याचा चेहरा त्या धातूच्याच उजेडात उजळेल अशी जागा शोधतो. फ्लॅश चुकूनही मारायचा नाही. ओतणाऱ्याचे डोळे दिपले तर त्याच्या पायावर काय पडेल सांगायला नको. सेफ्टी शूज, गॉगल, सुती कपडे. नायलॉनचं जॅकेट घातलेल्याला मी आत येऊ देत नाही, मग तो क्लायंटचा पाहुणा का असेना.

आणि आनंद कशात? एका कारखान्यात काम झाल्यावर मी ओतणाऱ्या काकांचा मोठा प्रिंट करून नेला होता. आयुष्यभर तेच काम केलेला माणूस. त्यांनी स्वतःला ते काम करताना कधी बघितलंच नव्हतं. बराच वेळ प्रिंट हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "असं दिसतंय व्हय आमचं काम?" त्यांच्या घरी आता तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

उजनीकाठ:

वा ओतकाम! असा प्रतिसाद वाचायला मिळतो म्हणून इथे येतो.

माझा पत्ता नावातच आहे. उजनीचं पाणलोट, भिगवण, डिकसळ, कुंभारगाव. हिवाळ्यात रोहित येतात, म्हणजे फ्लेमिंगो. गेल्या काही वर्षांत इथल्या मासेमारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी पक्षी दाखवायचं काम सुरू केलं. माझं काम त्यांच्यासोबतच चालतं. कधी प्रकाशनासाठी फोटो, कधी बाहेरून आलेल्या फोटोग्राफरांना घेऊन जाणं.

लोक विचारतात लेन्स कुठली. मी विचारतो नावाडी कुठला. ज्याने वर्षानुवर्षं या पाण्यात जाळं टाकलंय त्याला कळतं की वारा फिरला की थवा कुठल्या अंगाला सरकणार. तो इंजिन लांबच बंद करतो, बांबूने रेटत नाव नेतो, आणि सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी वळवतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही, त्यानेच मला शिकवलंय. थव्याच्या मध्ये नाव घुसवून सगळे उडवायचे आणि तो फोटो काढायचा, असले उद्योग काही लोक करतात. आमचे नावाडी सरळ नाही म्हणतात. लांबून आलेला पक्षी इथे पोट भरायला आलाय, त्याला दर अर्ध्या तासाने उडवलं तर तो खाणार कधी?

सकाळी लवकर पाण्यावर वाफ असते. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत असतात. नाव थांबली की ते तुम्हाला विसरतात आणि खात खात जवळ येतात. तेव्हा तो आवाज ऐकू येतो, चोचीतून पाणी गाळण्याचा, बारीक, अखंड. फोटोत तो कधीच येत नाही. पण तो ऐकलेल्या माणसाच्या फोटोत काहीतरी वेगळं उतरतं, असं माझं ठाम मत आहे.

@रविवारचा_कॅमेरेवाला, तुम्ही तर ताडोबाच्या दारात आहात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, कुठल्याही गेटने जा, पण वाघाच्या मागे धावू नका. गाइड गप्प बसून चितळाचा आणि वानराचा कॉल ऐकतो ना, त्याच्यासोबत गप्प बसायला शिका. मंगळवारी पार्क बंद असतं, त्या दिवशी गावात गाइड लोकांशी गप्पा मारा. तिथे महिला गाइडही आहेत, त्यांचं जंगलाचं वाचन ऐकण्यासारखं आहे.

खरं_सांगू_का:

धागा छान आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी.

मी बरीच वर्षं पूर्णवेळ हे केलं आणि आता स्टुडिओपुरतंच करतो. आनंद होता, नाही म्हणत नाही. लडाखच्या थंडीत काम केलंय, समुद्रात बोटीवर केलंय. पण एका कंपनीने माझे फोटो त्यांच्या जाहिरातीत वर्षभर वापरले, नाव नाही, ठरल्यापेक्षा जास्त वापर, आणि विचारल्यावर उत्तर की काम आम्ही करून घेतलंय, फोटो आमचे. उरलेले पैसे आजतागायत आलेले नाहीत. चांगल्या जागी जाऊन चांगलं काम करायचं आणि परत येऊन वसुलीसाठी फोन करत बसायचं, यात हौस जाते. रविवारचा_कॅमेरेवाला यांनी विचारलंय म्हणून सांगतोय. जागेने हौस मरत नाही, हिशोबाने मरते.

काळा_कोट:

@खरं_सांगू_का, वाईट वाटलं वाचून. वकिलीच्या अंगाने दोन शब्द लिहितो, सगळ्यांच्या कामाचे आहेत.

आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, कलम १७ आहे. एरवी फोटो काढणारा हाच त्याचा पहिला मालक. पण कुणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. 'वेगळा करार नसेल तर' हे चार शब्द लाखमोलाचे आहेत. म्हणजे तुमच्या कोटेशनमध्ये किंवा साध्या ईमेलमध्येसुद्धा दोघांनी मान्य केलेलं असेल की हक्क छायाचित्रकाराकडे राहतील आणि क्लायंटला अमुक वापरासाठी, अमुक मुदतीसाठी परवानगी, तर चित्र पालटतं. हक्क लिहून दिलेत तरी कलम ५७ नुसार निर्माता म्हणून तुमचं नाव मागण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही इतर कलाकृतींसारखीच मुदत आहे, काढणाऱ्याचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं. तुमच्या नातवंडांच्या कामाची गोष्ट आहे ही.

त्यामुळे लोकेशनवर जायच्या आधी एक पानी करार. वापर कुठे, किती काळ, आगाऊ किती, उरलेले कधी. बॅगेत बॅटरी भरतो तसा तोही भरायचा.

खरं_सांगू_का:

धन्यवाद वकीलसाहेब. तेव्हा हे एक पान हाताशी असतं तर बरं झालं असतं. इथल्या नव्या मुलांनी कृपया हा प्रतिसाद जपून ठेवावा.

सेटवरची:

मी चित्रपट आणि मालिकांच्या सेटवर स्टिल फोटोग्राफर आहे. मधल्या पैशांच्या चर्चेला माझं शंभर टक्के अनुमोदन, पण मी पुन्हा आनंदाकडे वळते.

शूटिंगला भोरचा राजवाडा, वाईचे घाट, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, अशा जागा मिळतात. पर्यटक म्हणून तुम्ही मेणवलीला गेलात तर घाटावर जाल, घंटा बघाल, परत. मी तिथे पहाटे लाइट दादा केबल ओढत असल्यापासून ते पॅकअपनंतर स्पॉट दादा चहाची भांडी धुवेपर्यंत असते. कृष्णेच्या पायऱ्यांवर ऊन कधी येतं, कुठल्या पायरीवर सगळ्यात शेवटी राहतं, हे मला पाठ आहे.

माझं काम असं असतं की सगळ्यांच्या मध्ये असायचं आणि कुणाला जाणवायचं नाही. नटाच्या आयलाइनमध्ये उभं राहायचं नाही, कारण तो समोरच्या पात्राकडे बघत असतो आणि मध्येच मी दिसले तर त्याचा धागा तुटतो. पूर्वी शटरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा ब्लिंप नावाच्या जाडजूड आवाजरोधक पेटीत घालावा लागायचा. आता मिररलेस कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की आवाजच होत नाही, त्यामुळे टेक चालू असतानाही काढता येतात. हा बदल आमच्या कामासाठी फार मोठा आहे.

पण माझे सगळ्यात आवडते फोटो टेकमधले नाहीत. ते दोन टेकच्या मधले आहेत. एकदा एका ज्येष्ठ अभिनेत्रीला रडण्याचा प्रसंग होता. कट झाला, लाइट बदलायला वेळ लागणार होता, तर त्या घाटावर बसून मेकअप करणाऱ्या मुलीच्या केसांत गजरा माळत होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी अजून तसंच होतं. थर्माकोलच्या शीटवरून उसळलेला मऊ उजेड दोघींवर येत होता. मी त्यांच्याकडे नजरेनेच परवानगी मागितली, त्यांनी मान हलवली. दोनच फ्रेम घेतल्या. जास्त घेतल्या असत्या तर तो क्षण माझा झाला असता, त्यांचा राहिला नसता.

बायकांनी या क्षेत्रात यावं की नाही असं अजूनही विचारणाऱ्यांसाठी: होमाई व्यारावाला. जन्म १९१३, मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. दिल्लीत साडी नेसून, कॅमेऱ्याचं सामान घेऊन सायकलवरून कामाला जायच्या. २०११ ला पद्मविभूषण. त्यांनी काम केलं त्या काळात ना आयलाइनचा विचार करणारं कुणी होतं, ना बायकांसाठी व्हॅनिटी व्हॅन.

उजनीकाठ:

ताई, "तो क्षण माझा झाला असता, त्यांचा राहिला नसता" हे फार पटलं. आमच्या पाखरांनाही लागू आहे.

ध्रुवतारा:

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून नमस्कार. मूळची सांगलीची, लग्नानंतर इकडे. उत्तरध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, दाखवायला पाहुण्यांना नेणाऱ्या एका संस्थेसाठी हिवाळ्यात फोटोग्राफर म्हणून काम करते.

आमच्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी तास-दोन तास आकाश निळं-गुलाबी होतं आणि पुन्हा अंधार. त्या निळ्या उजेडात बर्फावर काढलेले चेहरे मला जगातल्या कुठल्याही उजेडापेक्षा जास्त आवडतात.

रात्रीचं काम असं. ढग नसतील त्या दिशेला गाडीने जायचं, कधी कधी फिनलंडच्या हद्दीपर्यंत. शेकोटी पेटवायची, पाहुण्यांना गरम काहीतरी द्यायचं आणि वाट बघायची. ट्रायपॉड, एफ २.८ म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १६०० ते ३२००, शटर पाच-दहा सेकंद. माणसांचा फोटो असेल तर तेवढा वेळ त्यांनी हलायचं नाही, आणि मी टॉर्चचा उजेड चेहऱ्यावर अगदी क्षणभर फिरवते. बॅटऱ्या थंडीत झटकन उतरतात, म्हणून जास्तीच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. आणि महत्त्वाचं: परतताना कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मगच उबदार गाडीत न्यायचा. नाहीतर लेन्सवर, आतसुद्धा, बाष्प धरतं. मुंबईच्या पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा गॅलरीत आणला की काच धूसर होते, तोच प्रकार, फक्त दिशा उलटी.

मागच्या एका हिवाळ्यात महाराष्ट्रातून एक कुटुंब आलं होतं. आजी स्वेटरवर स्वेटर घालून, वर आमचा थर्मल सूट, आणि आत साडी. बराच वेळ आकाशात नुसता करडा पट्टा होता. कॅमेऱ्याला तो हिरवा दिसत होता, डोळ्यांना नाही, उजेड मंद असला की असंच होतं. मी त्यांना स्क्रीन दाखवली तर म्हणाल्या, "यंत्रात नको, खरं दिसू दे." आणि थोड्या वेळाने ते खरंच दिसलं. डोक्यावर हिरवे पडदे, कडेला जांभळी किनार, आणि भराभर हलणारे. आजी आपोआप हात जोडून उभ्या राहिल्या. पाच सेकंद न हलण्याची सूचना कुणाला द्यावी लागली नाही, त्या हलल्याच नाहीत. परदेशात राहून मराठीतून "आजी, इकडे बघा" म्हणत काम करायला मिळणं हे माझ्यासाठी अरोराइतकंच मोठं आहे.

मांडवीकाठ:

गोव्यातून हजेरी. माझी रोजीरोटी म्हणजे डेस्टिनेशन लग्नं. किनारा, सूर्यास्त, पांढरी फुलं. चांगले पैसे मिळतात आणि कामही मी मनापासून करतो. पण जीव रमतो पावसात, जेव्हा लग्नं नसतात.

आषाढी एकादशीनंतर माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो असतो. देवळात अखंड भजन झालेलं असतं, मग अंगाला तेल लावून माणसं पावसात मैदानात उतरतात, लहान पोरांपासून आजोबांपर्यंत, आणि कृष्णाचे लहानपणचे खेळ खेळतात. कुणाचा चेहरा ओळखू येत नाही. कॅमेरा रेन कव्हरमध्ये असला तरी चिखल येतोच, आणि येऊ द्यावा. कोरडं राहायचं ठरवून काठावर उभे राहिलेले फोटोग्राफर सगळे एकसारखे फोटो घेऊन जातात. २४ जूनच्या सांजांवचं, म्हणजे सेंट जॉनच्या सणाचं, तसंच. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या. शिवोलीला सजवलेल्या होड्या. मी विहिरीच्या काठावर आडवा होतो आणि खालून वर बघणारे चेहरे टिपतो.

काजवा:

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. एक विनंती करतो. भंडारदरा, पुरुषवाडी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग, इथे पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला जी झुंबड उडते त्यात फोटोग्राफीच्या कार्यशाळांचाही वाटा आहे. काजव्यांचा उजेड हा नर-मादीचा संवाद असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते लुकलुकतात. तिथे गाडीचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, आणि फोटोत झाड उजळावं म्हणून मारलेला फ्लॅश, यांनी तो संवाद तुटतो. पावसाने भिजलेल्या मातीवर तुडवणारे पाय वेगळेच. व्यावसायिक मंडळींनी तरी गट छोटा ठेवावा, उजेड पूर्ण बंद ठेवावा, रस्ता सोडू नये. तीस-तीस सेकंदांची एक्स्पोजर्स घेऊन नंतर एकत्र करता येतात, त्याला बाहेरचा उजेड लागतच नाही.

ओतकाम:

+१ काजवा. उजेड कुठे मारायचा नाही हे ज्याला कळत नाही त्याला मी फाउंड्रीतही नेत नाही.

घाटमाथा:

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! ओतकाम, तुमच्या काकांचा प्रसंग घरी मोठ्याने वाचून दाखवला. ध्रुवताराताई, "यंत्रात नको, खरं दिसू दे" हे तर कुणाही फोटोग्राफरने ऐकावं असं आहे.

@खरं_सांगू_का, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. हिशोबाने हौस मरते, बरोबर आहे. माझ्याकडेही ऑफिसच्या कामात आठवड्यातला बराच वेळ जातो: कोटेशन, बिलं, फाइलींची निवड, बॅकअप. मी एक पथ्य पाळतो. लोकेशनवर असताना पैशाचा फोन घेत नाही आणि पैशाच्या टेबलावर बसलो की जागेची भुरळ पडू देत नाही. सुंदर जागा आहे म्हणून कमी पैशात काम करा, असं सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणतो. सुंदर जागी जास्त वेळ थांबावं लागतं, म्हणून तिथे खरं तर जास्त घ्यायला हवेत.

@रविवारचा_कॅमेरेवाला, नोकरी आज सोडू नका. आधी एक जागा निवडा, घराजवळची, आणि वर्षभर तिथेच जा. फुटाळ्याचा तलाव घ्या, संत्र्याचा बाजार घ्या. कुणी काम दिलं नाही तरी स्वतःला काम द्या: वीस फोटोंत ही जागा सांगायची. पहिले काही महिने सगळ्यांसारखेच फोटो येतील. त्यानंतरही तिथे जायची ओढ राहिली, किंबहुना वाढली, तर घरी बोला. नाही राहिली तर रविवार आहेतच, आणि रविवारचा आनंद काही कमी प्रतीचा नसतो.

रविवारचा_कॅमेरेवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉटन मार्केट निवडतो, घराजवळ आहे आणि पहाटे लवकर उघडतं. काळा_कोट यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय.

दादा, एक शेवटचं. यंदा सुट्टी काढून वारीत दोन-चार दिवस चालायचा विचार आहे. रिंगण बघायचंच आहे. कुठे उभं राहावं?

घाटमाथा:

अवश्य या. लोणंदहून निघाल्यावर तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब आहे, तिथे पहिलं उभं रिंगण होतं. गोल रिंगण पाहायचं तर सदाशिवनगरजवळ पुरंदवडे. गोल रिंगणाला सकाळीच पोहोचा, नंतर आत शिरता येत नाही. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी, आणि शेवटी अश्व. कडेला उभं राहू नका, जमिनीवर बसा, मागच्यांनाही दिसतं आणि तुम्हाला घोड्याच्या पायांखालून आभाळ मिळतं. शटर १/१००० च्या वर ठेवा, आषाढात ढग असतात तेव्हा आयएसओ वाढवायला कचरू नका. अश्व गेल्यावर सगळे कॅमेरे खाली जातात, तुमचा जाऊ देऊ नका. माणसं टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला धावतात, ते चेहरे घ्या.

मोठी बॅग नको. एक बॉडी, दोन लेन्स, दोन रेन कव्हर, पुरेशी कार्डं. चार्जिंगची सोय दिंडीच्या ट्रकवर होते, पण रांग असते, बॅटऱ्या जास्तीच्या आणा. ज्या दिंडीसोबत जेवाल त्यांना नंतर प्रिंट पाठवायचे, पत्ता आणि फोन तेव्हाच लिहून घ्या. वेळापत्रक तिथीवर असतं, दरवर्षी तारखा बदलतात. ते जाहीर झालं की सुट्टीचा अर्ज टाका आणि मला इथे निरोप ठेवा. लोणंदच्या तळावर मी असतो, समाजआरतीला तुम्हाला सोबत घेऊन बसतो.